सोमवारचा डबा

दूध ओतता ओतता त्या माणसाचा हात मध्येच थांबला. माप अर्धं कललेलं, पांढरी धार तुटलेली, आणि तो डब्याच्या झाकणाकडे बघत उभा. प्रभावतीबाईंना वाटलं, डब्यात काही पडलं असेल. त्या काउंटरवरून पुढे वाकल्या. डबा लख्ख होता. दही लावायचं होतं म्हणून घरातून निघताना त्यांनीच तो दोनदा विसळून घेतला होता. दूध सेंटरवर रोजचा माणूस आज नव्हता, कुठल्याशा लग्नाला गेला होता, आणि त्याच्या जागी हा उभा होता. वय पंचवीस-सव्वीस, खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत एक पांढुरका व्रण. झाकण हातात घेऊन तो त्यावर अंगठा फिरवत होता, वीज गेल्यावर घरातली वस्तू चाचपावी तसा. "प्रभावती संपत, आष्टी, अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. झाकणावर हेच कोरलेलं होतं, पण तो वाचत नव्हता. त्याची नजर कधीच झाकणावरून उठून त्यांच्या तोंडावर आली होती.

"माय, ह्यो डबा तुमचा?"

"माझाच. का रे बाबा?"

"मी जेवलोय ह्याच्यात," तो म्हणाला. "चार दिवस. दुधात कुस्करलेली भाकर."

"दूध घालतो का गप्पा हाणतो?" मागून एक बाई म्हणाली. त्यानं माप पूर्ण केलं, वर थोडं जास्त ओतलं, झाकण लावताना नाव वर येईल असं फिरवून लावलं. प्रभावतीबाई बाजूला सरकून भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांना निघता आलं असतं. डबा हाताला गार लागत होता आणि पाय मात्र तिथंच राहिले होते. व्रण बघताक्षणी त्यांनी त्याला ओळखलं होतं, किंवा व्रण नव्हता तेव्हाचं ते तोंड त्यांना आठवलं होतं, सुजलेलं, डाव्या बाजूनं सावकाश चावणारं. त्या तोंडाकडे त्यांनी आयुष्यात एकदाच बघितलं होतं, आणि ते बघणं त्यांनी सहा वर्षं कुठंतरी आत, जुन्या कपड्यांच्या खाली घडी करून ठेवावं तसं ठेवलं होतं.

गर्दी ओसरल्यावर तो बाहेर आला. रिकाम्या क्यानी मोटारसायकलला अडकवता अडकवता बोलत राहिला. नाव सुग्रीव. गाव कुंभार पिंपळगाव. बाप मेंढ्या राखायचा, आता मेंढ्या राहिल्या नव्हत्या. तेव्हा तो जालन्यात मोसंबीच्या आडतीवर हमाली करायचा. आता शहराजवळच बहिणीच्या गावी राहत होता, तिथलं दूध आणत होता, कारण तारखेला कोर्टात यावं लागायचं आणि पिंपळगावाहून दर खेपेला येणं जमत नव्हतं. हे सगळं त्यानं असं सांगितलं, जशी पाहुण्याला घरची ख्यालीखुशाली सांगावी.

"तुमी शुक्रवारी डबा धाडला न्हाई," तो हसून म्हणाला. "मी म्हणलं, माय आजारी पडली आसंल."

प्रभावतीबाईंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुझी केस संपली नाही अजून?"

"परवा तारीख हाय. ताईची साक्ष हाय त्या दिवशी." ताई म्हणजे दीपमाला, त्यांची मुलगी. पोलिसात शिपाई. "कागदावर मला गुरुवारी सांजच्याला धरलं. चोरी मंगळवारी रातची. कोणाच्या तरी हिरीवरची पाण्याची मोटार गेली. मंगळवारी तर मी ठाण्यातच व्हतो ना माय. सोमवारी सकाळीच उचलून आणल्तं मला, आडतीवरून. दुसऱ्याच कशाचं तरी विचारून राह्यले व्हते. मंगळवारी दुपारची भाकर तुमच्या हातची खाल्ली, आन् रातच्याला मोटार मीच चोरली."

"वकिलाला सांगितलंस का हे?"

"सांगितलं की. वकील म्हणतो, तू आत व्हतास हे बघितलं कोणी? म्या म्हणलं, कोणी न्हाई."

"आणि दीपमाला?"

तो खाली बघून क्यानीची कडी उगाच काढून पुन्हा लावत राहिला. "ताईनं लपून चारलं मला. साहेबानं डायरीत गुरुवार लिव्हायला लावला तिला. मला आतून दिसत व्हतं. तिनं लिव्हलं आन् मंग उभ्यानं दोन तांबे पाणी प्याली. तिचं नाव कसं घेऊ? नोकरी जाईन तिची. मला काय, लई तर दोन-तीन वर्षं." मग गाडीला किक मारून, आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "भाकर लई मऊ व्हती बरं का माय."

घर दूध सेंटरपासून दहा मिनिटांवर. प्रभावतीबाईंना त्या दिवशी किती वेळ लागला कोण जाणे. रस्त्यात ओळखीच्या दोघीतिघी भेटल्या असतील, एक तर "जयभीम मावशी" म्हणालीही, आणि त्यांनी मान हलवली असेल. त्या चालत होत्या त्या सोमवारातून. सहा वर्षांपूर्वीचा सोमवार, फेब्रुवारीतला, हवेत अजून गारवा असलेला. सकाळी अकराच्या सुमारास दीपमालाचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी शिवजयंतीची मिरवणूक, सगळा स्टाफ बंदोबस्ताच्या तयारीत, आणि हिला ठाण्यातच पहाऱ्यावर ठेवलं होतं. जेवायला घरी येता येणार नव्हतं, म्हणून भिवा रिक्षावाल्याच्या हाती डबा पाठवायचा होता. एवढं रोजचंच. पण फोन ठेवता ठेवता ती घुटमळली. "आई, भाकरी दोनच्या ठिकाणी चार दे. आन् तिखट काही नको. दूध दे बरोबर." प्रभावतीबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाली, "वाटतंय. तू दे ना." आवाज दबका, कोणी शेजारी उभं असल्यासारखा. फोन ठेवला आणि प्रभावतीबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. परातीत पीठ तसंच. दीपमालाला जन्मापासून तिखटाचा सोस. चार वर्षांची असताना ठेच्याच्या खलबत्त्यात बोट घालून चाटायची आणि डोळ्यांतून पाणी काढत हसायची. ती पोर म्हणते तिखट नको. चार भाकरी दे. दूध दे. लग्नाला चार वर्षं झालेली. जावई मिथुन शहागडला हायवेवरच्या गॅरेजात, रविवारी यायचा. पहिल्या वर्षी लोकांनी विचारलं, दुसऱ्या वर्षी जास्त विचारलं, तिसऱ्यापासून विचारणं सोडलं, आणि ते विचारणं सोडणंच प्रभावतीबाईंना जास्त लागत होतं. त्यांनी परात पुढे ओढली. एवढ्या मऊ भाकरी त्यांनी स्वतःच्या बाळंतपणानंतर कधी थापल्या नव्हत्या. कोमट पाणी, पीठ तळहातानं मळून मळून लोण्यासारखं केलेलं, भाकरी तव्यावर टम्म फुगली तेव्हा त्या एकट्याच स्वयंपाकघरात हसल्या.

कोणाला सांगितलं नाही. मुलगी आपल्या तोंडानं सांगेपर्यंत बोलायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. पण मंगळवारी माघ पौर्णिमा होती. पांढरं लुगडं नेसून त्या विहारात गेल्या, आणि एक मेणबत्ती लावायच्या तिथे त्यांनी दोन लावल्या. शेजारच्या दैवशालाबाईंनी डोळ्यांनी विचारलं, यांनी डोळ्यांनीच टाळलं. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, मी खोटं बोलणार नाही असं म्हणताना, त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठाच लागला होता, आनंदानं. ते आता रस्त्यात आठवलं आणि त्यांना आपल्याच त्या आवाजाची लाज वाटली, तेव्हा काहीच चूक नसताना. बुधवारी त्यांनी ट्रंक उघडली. त्यात स्वतःच्या लग्नातला एक खण होता, हिरवा, काठाला लाल. त्याची कुंची बेतली. टोपरं, मागे पाठीवर रुळणारी झालर, गळ्याशी बांधायला बंद. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी चष्मा नाकावर खाली ओढून, दारात उजेडाला बसून, टाका टाका. रोज अकराला फोन, रोज तेच. चार दे आई, दूध दे. तिसऱ्या दिवशी तर म्हणाली, थोडा गूळ दे. गूळ म्हटल्यावर तर प्रभावतीबाईंना काही शंकाच उरली नाही.

गुरुवारी त्यांना राहवलं नाही. भिवाला म्हणाल्या, डबा आज मी देते, मला नुसती सोड. मुलीचं तोंड बघायचं होतं. पोटात काही असलं की बाईच्या तोंडावर एक पाणी येतं, ते बघायचं होतं. शेवयाची खीर केली होती. ठाण्यात दुपारची सामसूम होती, साहेब जेवायला गेलेले, एक हवालदार खुर्चीत मान टाकून झोपलेला. आत कॉरिडॉरच्या टोकाला दीपमाला गजांसमोर उकिडवी बसली होती. खाकी पँटचे गुडघे ताणलेले, टोपी बाजूला. भिवानं दुसरा डबा कधी आणला, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग दिसलं की कालचाच डबा आहे, राहिलेल्या भाकरीचा. डब्याच्या झाकणात ती दुधात भाकर कुस्करत होती. हातानं कालवून, घट्ट गोळे फोडून, अगदी बाळाला देतात तशी पातळ करून तिनं झाकण गजांखालून आत सरकवलं. आतून एक हात आला. बोटं सुजलेली, झाकण नीट धरता येईना. मग तिनं झाकण धरून ठेवलं आणि त्यानं वाकून त्याच्यातून खाल्लं, डाव्या बाजूनं, सावकाश, तोंड फुगलेलं, ओठ फाटलेला. खाताना तो झाकणाच्या कडेशी कोरलेल्या अक्षरांकडे बघत होता.

प्रभावतीबाईंना काय वाटलं असायला हवं होतं, ते त्यांना माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. त्या पोराची दया यायला हवी होती. संपत गुरुजींची बायको त्या, आष्टीच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाची. पण त्या क्षणी त्यांना एवढंच समजलं, की भाकरी याच्यासाठी होत्या. तिखट नको ते याच्या ओठासाठी. गूळ याच्यासाठी. त्या फाटक्या तोंडाकडे बघत त्यांनी आपल्या नातवंडाचं दुःख केलं, जे नव्हतंच, जे कधी नव्हतंच. डबा आणि खिरीचं भांडं तिथेच टेबलावर ठेवून त्या मागे फिरल्या. दीपमालानं वळून बघितलं की नाही, हेही त्यांनी बघितलं नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा म्हणाल्या, "माझ्या भाकरी चोरांना घालायला नाहीत." दीपमाला पायातले बूट सोडत होती. नाडी तशीच हातात धरून ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच. शुक्रवारी दोन भाकरी गेल्या, वर लाल ठेचा. आणि तिकडे तो म्हणत होता, माय आजारी पडली असेल.

डबा खाली ठेवला, दूध तापवलं, कोमट केलं, विरजण घातलं. हात आपलं काम करत होते. दुपारभर त्या कॉटवर पडून राहिल्या आणि त्यांना संपत गुरुजी दिसत राहिले. चौथीच्या वर्गात नागरिकशास्त्र यायचं तेव्हा ते पुस्तक मिटून ठेवायचे. पोरांना म्हणायचे, चला, ठाणं मांडू. एक पोलीस, एक धरलेला माणूस, एक न्यायाधीश. खडूनं जमिनीवर घड्याळ काढायचं. धरलेल्यानं विचारायचं, "साहेब, माझा गुन्हा काय?" पोलिसानं सांगायचं. मग दुसरा पोरगा घड्याळाभोवती दोन फेऱ्या चालायचा, म्हणजे चोवीस तास, आणि फेऱ्या संपायच्या आत पोलिसानं धरलेल्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं. नाही केलं तर सगळा वर्ग ओरडायचा, सोडा, सोडा. शाळेला लागूनच घर, त्यामुळे प्रभावतीबाईंना तो ओरडा स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि त्या म्हणायच्या, झालं, आज पुन्हा कोणाची तरी सुटका झाली. दीपमाला त्या वर्गात होती तेव्हा तिला न्यायाधीश व्हायचं होतं. पण ती सगळ्यांत उंच, म्हणून गुरुजींनी तिला पोलीस केलं. ती रडत घरी आली होती. रात्री जेवताना गुरुजी म्हणाले, "अगं, न्यायाधीश नुसता बसून असतो. माणूस तर पोलिसाच्याच हातात असतो. हात चांगला पाहिजे." तिला किती कळलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी ती फेऱ्या संपायच्या आधीच धरलेल्या पोराचा हात ओढत न्यायाधीशाकडे पळत गेली होती, आणि तो पोरगा पडून त्याचा गुडघा फुटला होता, आणि गुरुजी हसून हसून बेजार झाले होते.

त्या रात्री दीपमाला उशिरा आली, बोलणं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला आली. युनिफॉर्म हँगरला लावला, दोन चमचे दही हातावर घेऊन चाखलं, म्हणाली, "गोड लागलंय." पस्तिशी ओलांडलेली, कानाजवळ एक-दोन पांढरे केस. बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून ती उद्यासाठी बुटांना पॉलिश करायला लागली. प्रभावतीबाई दारात पाय सोडून बसल्या. शेजारच्या गच्चीवर कोणी वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतं.

"काल दूध घालायला सुग्रीव होता," त्या म्हणाल्या.

ब्रश थांबला नाही. पण त्याच जागी फिरत राहिला. "कोण सुग्रीव?"

"तुझा सुग्रीव. डबा ओळखला त्यानं."

"तू बोललीस त्याच्याशी? साक्षीच्या आधी? आई, कोणी बघितलं तर काय म्हणतील."

"काय म्हणतील? म्हातारी दूध आणायला गेली होती." त्यांनी पदर गुडघ्यावर सारखा केला. "तुझं नाव घेतलं नाही म्हणाला वकिलाजवळ. कोणी बघितलं नाही असं सांगितलंय त्यानं."

दीपमालानं बूट खाली ठेवला. काळं बोट बघत राहिली. "सरकारी वकील म्हणाले, डायरीत आहे तेवढंच बोला. गुरुवार, सायंकाळी सात. तुमचंच अक्षर आहे. दोन मिनिटांचं काम." मग म्हणाली, "मला वाटलं, तोच सांगंल. सहा वर्षं मी वाट बघून राह्यले की तो सांगंल, मंग वकील मला विचारंल, आन् मंग मला खरं बोलावंच लागंल. त्यानं सांगावं म्हणून वाट बघितली मी. आन् त्यो माझ्यासाठी गप."

"खरं बोललीस तर काय होईल?"

"चौकशी. खोटी नोंद माझ्या हातची, त्यामुळं आधी मलाच धरतील. निलंबन. नोकरीवर येऊ शकतं. साहेब तर बदलून गेले, त्यांचं काय होईल न होईल. मिथुनच्या पगारावर हे घर चालणार न्हाई, ते तुला माहीतच हाय." तिनं मान वर केली. "आई, एक विचारू? तेव्हा तू शुक्रवारपासून बंद का केलंस? चोर म्हणालीस, तुझ्या तोंडी तो शब्द कधी ऐकला नव्हता मी. अण्णा गेल्यावर त्यांच्या पँटच्या खिशातले खडू तू जपून ठेवणारी बाई. इतका राग कशाचा आला तुला?"

प्रभावतीबाई उठल्या. आत गेल्या, ट्रंक उघडली, तळातून पिशवी काढली आणि ती पिशवी मुलीच्या मांडीवर टाकली. अर्धवट शिवलेली कुंची, हिरवी. झालर एकाच बाजूला लागलेली, सुईच्या जागी एक गंजलेला डाग. दीपमालानं ती उलगडून धरली. आधी तिला काही कळेना. मग ती आईकडे बघू लागली, मग कुंचीकडे, मग पुन्हा आईकडे, आणि एकदम तिला हसू आलं. "तिखट नको म्हणाले म्हणून?"

"आणि दूध. आणि गूळ."

"अगं आई," ती म्हणाली, आणि हसता हसता तिनं कुंची तोंडाला लावली, काळ्या बोटांसकट, आणि मग बराच वेळ ती तोंडावरून काढली नाही. खांदे हलत होते. प्रभावतीबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. पाठीवर हात ठेवला नाही, नुसत्या चिकटून बसल्या, जशा गुरुजी गेले त्या दिवशी दोघी बसल्या होत्या. हिरव्या खणावर पॉलिशचे ठसे उठले होते. सहा वर्षं लपवलेलं एवढंसं कापड, आणि त्यातून निघालं काय, तर हसू. त्यांना वाटलं, हे आपण तेव्हाच सांगितलं असतं तर शुक्रवारी भाकरी गेली असती. एवढंच. नातवंड नसतं आलं, पण भाकरी गेली असती.

"मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं यानं माझं खाल्लं," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी बाई मी."

"त्यानं खाल्लंच की तुझं," दीपमाला कुंचीतून म्हणाली. "दुसरं कोणी देत नव्हतं."

थोड्या वेळानं अंधारू लागलं. दिवा लावायला कोणी उठलं नाही. प्रभावतीबाई म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी मी पण बघितलं त्याला. सात वाजायच्या आधी. माझी साक्ष घेतात का?"

"तुला काय विचारणार? तारीख कशावरून आठवते म्हणतील."

"सांगीन. सोमवारी मला आनंद झाला, मंगळवारी माघ पौर्णिमा, दोन मेणबत्त्या लावल्या, बुधवारी कुंची बेतली, गुरुवारी खीर. आनंदाचे दिवस कोणी विसरतं का?"

दीपमाला उठली. कुंचीची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी ट्रंकेत नेऊन न ठेवता स्वतःच्या उशाला ठेवली. जेवली कमी. अंथरुणावर पडल्यावर बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा, झोपेच्या अलीकडून. "अण्णांनी मला पोलीस का केलं गं?" प्रभावतीबाई कुशीवर वळल्या. उत्तर तिला माहीत होतं. दोघींनाही माहीत होतं की उद्या त्या कठड्यात उभं राहून दोन मिनिटांत जो दिवस तिच्या तोंडून निघेल, तोच त्या पोराचा राहील. गुरुवार म्हटलं तर तो आत जाईल आणि ही संध्याकाळी घरी येऊन बूट काढेल. सोमवार म्हटलं तर तो बहुधा सुटेल आणि हिचे बूट कदाचित कायमचे कोपऱ्यात राहतील. त्यांनी मुलीला सांगितलं नाही काय म्हण. आईनं सांगितलं म्हणून बोललेलं खरं टिकत नाही, असं त्यांना त्या अंधारात वाटत राहिलं. आणि दुसरं एक वाटत होतं, जे त्यांनी स्वतःपाशीही नीट कबूल केलं नाही. नोकरी राहावी, असंही वाटत होतं. हप्त्याहप्त्यानं बांधलेलं हे दोन खोल्यांचं घर, नळ आला तो दिवस, पहिल्या पगारात तिनं आणलेला मिक्सर, जो त्यांना कधी आवडला नाही आणि ज्याच्यावर त्यांनी रोज फडकं मारलं. दोन्ही एकाच उरात मावत होतं. त्यामुळे झोप आली नाही.

पहाटे उठून त्यांनी पीठ काढलं. किती काढायचं ते ठरेना. पिठाच्या डब्यात वाटी बुडवून त्या तशाच उभ्या राहिल्या. दोन भाकरींचं काढलं तर दोनचं, चारचं काढलं तर जणू आपण सांगितल्यासारखं होईल. आत नळ वाजला. चूळ भरल्याचा आवाज. मग दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. साध्या कपड्यांतच होती अजून, केस ओले, डोळे सुजलेले.

"चार कर," ती म्हणाली.

प्रभावतीबाईंनी वाटी उचलली नाही. "सोमवारपासून सांगणार?"

"सोमवारपासून." ती आत आली, ओट्यावरचा डबा घेऊन झाकणावरचं नाव अंगठ्यानं पुसलं, पुसायची काही गरज नसताना. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, आष्टीच्या भांड्यांच्या दुकानात छिन्नीनं एकेक ठोका घालत कोरलेली. "मला नाही देता येणार त्याला. मी साक्षीदार हाय. तू बस कोर्टाच्या बाकावर, तू दे. न्हाई तर म्हणतील पोलिसांनी आरोपीला जेवू घातलं."

"पोलिसांनी घातलंच होतं."

"ते आज सांगायचंच हाय," दीपमाला म्हणाली, आणि तिला पुन्हा ते कालचं हसू आलं, अर्धवट, ओठातल्या ओठात. प्रभावतीबाईंनी पीठ परातीत घेतलं, पाणी कोमट करायला ठेवलं. चार भाकरी. हाताला सवयीनं मऊपणा आला. बाहेर उजाडत होतं, दीपमाला आत युनिफॉर्म चढवत होती, बकलाचा आवाज आला, मग बुटांचा. तव्यावर पहिली भाकरी फुगत असताना ती दारातून म्हणाली, "आणि दूध नको."

"मग?"

"ठेचा दे. झणझणीत. त्याचं तोंड बरं झालंय आता."

प्रभावतीबाईंनी कोपऱ्यातला खलबत्ता पुढे ओढला, मिरच्या तव्याच्या कडेला टाकल्या. मिरच्या तडतडल्या तशी दोघींनाही ठसका लागला, आणि खोकत खोकत दीपमालानं खिडकी उघडली.